ग्राझमध्ये मावशींना शोधताना

माझी मैत्रीण ऑस्ट्रियातल्या ग्राझ नावाच्या शहरात राहते. आम्ही दोघींनी नांदेडला फार्मसीचं शिक्षण एकत्र घेतलं, एकाच खोलीत राहिलो, एकमेकींचे कपडे घातले. पुढे मी लग्न होऊन सेनगावला आले आणि नवऱ्याबरोबर औषधाचं दुकान सांभाळू लागले. ती शिकत शिकत परदेशात गेली, तिथल्याच एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि तिथल्याच एका उंच, अबोल माणसाशी तिनं लग्न केलं. तिचं माहेर हट्टा गावचं. तिथं या शहराचं नाव कुणालाच धड घेता येत नाही. "माझी लेक गॅरेजात राहती," असं तिची आई स्वतःच हसत सांगायची.

मैत्रिणीला दिवस गेले, आणि सातव्या महिन्यात तिनं फोनवर आईला म्हटलं, "माय, तू ये." तिच्या आईला मी पहिल्यापासून मावशी म्हणते. मावशींनी एकट्यानं विमानात बसणं शक्यच नव्हतं. त्यांना शुगर, त्यात बीपी, आणि भाषा एकच. मैत्रिणीचा भाऊ शेती बघतो. सोयाबीन निघालं होतं, पण तूर आणि कापूस उभा होता, घरात दोन लहान लेकरं. एक दिवस तो सेनगावला माझ्या दुकानात आला, काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला.

"ताई, मायसंगं तुमीच जा. पंधरा दिवस राहा, तिला रुळवा अन् वापस या."

माझा नवरा गोळ्यांच्या पट्ट्या कापत होता. मान वर न करता म्हणाला, "जाऊन ये. पुन्हा कधी जाणार हायस तू?"

असं आमचं ठरलं. नोव्हेंबरात आम्ही दोघी निघालो. मावशींनी ब्लाउजपीसच्या उरलेल्या कापडाची एक पिशवी शिवून घेतली होती, गळ्यात अडकवायची. त्यात पासपोर्ट. गावात त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की परदेशात पासपोर्ट गेला की माणूस गेला. विमानात जेवताना, झोपताना, संडासला जातानाही ती पिशवी त्यांच्या गळ्यात होती. मैत्रिणीच्या घरी पोचल्यावर मात्र त्यांनी ती काढली आणि उशीखाली ठेवली. मला तेव्हा फार बरं वाटलं. म्हटलं, चला, बाईला आपलं घर वाटलं.

मैत्रिणीला डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं होतं. त्यामुळे ते शहर आम्ही बघितलं ते पायीच. घरापासून थोडं खाली गेलं की मोठी बाग लागायची, तिथं पिवळ्या पानांचा खच पडलेला. बाग ओलांडली की जुनं गाव, दगडी फरशीचे रस्ते, लाल कौलांची घरं, मधोमध मोठा चौक. चौकाच्या डोक्यावर एक टेकडी आणि टेकडीवर घड्याळाचा बुरूज. त्या घड्याळाची तऱ्हाच उलटी: मोठा काटा तास दाखवतो आणि छोटा काटा मिनिटं. चौकातून खाली उतरलं की नदी. आमच्या कयाधूला पावसाळ्यात लोंढा येतो तशी ती थंडीतही धावत होती, हिरवट आणि गार, तिच्याकडे बघूनच हात खिशात जायचे.

मावशी नऊवारी नेसून, खाली जाड मोजे आणि बूट घालून, वर जावयाच्या आईचा जुना लोकरी कोट चढवून चालायच्या. लोक बघायचे, मावशी लोकांकडे त्याहून जास्त बघायच्या. पण मायलेकींचं काही सुरळीत नव्हतं. मी दोघींच्या मधून चालायचे आणि दोन्हीकडचं ऐकायचे.

"नवव्या महिन्यात एवढं चालतेत व्हय? पोट बघ किती खाली आलंय."

"डॉक्टरनंच सांगितलंय, माय."

"डॉक्टर बाळंत झाला होता का कधी?"

मैत्रीण हसायची नाही. पुढे जाऊन एखादी इमारत दाखवायची, हे अमुक, ते तमुक. मावशी मान हलवायच्या आणि माझ्या कानाशी म्हणायच्या, "इथं खिडक्या सगळ्या बंद काहून असतेत गं? आत माणसं हायेत का न्हाईत?" मैत्रिणीला ते ऐकू जायचं. तिचे खांदे आवळायचे. आठ वर्षांत ती फक्त दोनदा गावी आली होती, त्यातलं एकदा वडील गेले तेव्हा, तेही चार दिवसांसाठी. तिला आई पाहिजे होती, हे खरंच. पण आई कशी असते, घरात किती जागा व्यापते, याची सवय तिची मोडली होती.

मग ते धुरीचं झालं.

मावशींनी बॅगेत ओवा, शेपा, डिंक, लसणाची सालं, असं काय काय आणलं होतं. एका संध्याकाळी मैत्रीण आणि तिचा नवरा बाहेरच्या खोलीत बसले होते, मी भाजी चिरत होते. मावशींनी विजेच्या शेगडीवर तवा तापवला आणि त्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकली. बाळंतिणीच्या खोलीला आधीच धुरी दिलेली बरी, असं त्यांचं म्हणणं. मी काही बोलायच्या आत छतावरचा धुराचा भोंगा वाजायला लागला. असा आवाज की कानात सुई टोचावी. जावई धावत आला, स्टुलावर चढला. खालचे, वरचे शेजारी जिन्यात येऊन उभे. मैत्रीण दार उघडून प्रत्येकाची माफी मागत होती, त्यांच्या भाषेत, हात जोडल्यासारखे करून. दार बंद करून ती वळली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"माय, इथं तुझं काही चालणार नाही. समजलं का? काही करू नकोस. तू फक्त बस."

मावशींच्या हातात उलथनं होतं. ते त्यांनी हळूच ओट्यावर ठेवलं, पदरानं हात पुसले आणि जाऊन खुर्चीत बसल्या. जेवायला बोलावलं तेव्हा उठल्या, जेवल्या, पुन्हा तिथंच बसल्या.  मी मैत्रिणीला म्हटलं, "जरा बोल तिच्याशी." ती म्हणाली, "उद्या. आज माझ्यात ताकद नाही."

दुसऱ्या दिवशी जावई कामासाठी दुसऱ्या गावी गेला, संध्याकाळी येणार होता. मैत्रिणीला रात्रभर झोप लागली नव्हती, ती सकाळी झोपली होती. मी मावशींना त्यांची शुगरची गोळी दिली. ही गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवायलाच लागतं; मावशी जेवणाच्या बाबतीत बराबर होत्या, घरी रोज गोळी घेऊन भाकरी थापायला बसायच्या. "मी भाकर टाकते आपल्याला," असं म्हणाल्याही. मी अंघोळीला गेले. केस धुतले, टॉवेलात गुंडाळले. बाहेर आले तर स्वयंपाकघर रिकामं. परातीत पीठ काढलेलं, पाणी न घातलेलं.

मला वाटलं, गॅलरीत असतील. तिथं नव्हत्या. त्यांच्या खोलीत अंथरुणाची घडी घातलेली. फोन चार्जिंगला लावलेला. दाराशी आले तर बूट नव्हते. कोट मात्र खुंटीवरच होता. बाहेर त्या दिवशी ऊनच पडलं नव्हतं, आकाश राखेसारखं होतं, आणि मावशी कोट न घालता गेल्या होत्या.

मी उशी उचलली. पिशवी नव्हती.

मैत्रिणीला उठवताना माझा आवाज मला साधा ठेवता आला नाही. ती पोटावर हात धरून उठली, त्या उचललेल्या उशीकडे बघितलं आणि भिंतीला टेकली.

"ती निघून गेली," ती म्हणाली. "गावी जायला निघाली ती."

"कुठं जातील त्या? रस्ता तरी माहीत आहे का?"

"म्हणूनच तर."

ती बूट शोधायला लागली. मी तिला धरून बसवलं. म्हटलं, तू घरात थांब. आई परत आली तर दार उघडायला कुणीतरी पाहिजे, आणि पोलिसांशी बोलायला मला भाषा येत नाही. मी जाते. तिला ते पटत नव्हतं, पण उभं राहताना तिच्या कमरेतून कळ आली आणि ती खाली बसली. मी गोळीचं तिला सांगितलं नाही. ती माझ्यासारखीच शिकलेली. सांगितलं असतं तर ती अनवाणीच धावली असती. मी स्वयंपाकघरात जाऊन एका पिशवीत मूठभर साखर बांधून घेतली, बिस्किटाचा पुडा घेतला, मावशींचा कोट हातावर टाकला आणि जिना उतरले.

दुकानात मी हे कितीदा बघितलंय. गोळी घेऊन उपाशी शेतात गेलेला माणूस, दरदरून घाम, हात थरथरतात, मग तो बरळायला लागतो, मग कुणीतरी त्याला दारू प्यायलाय समजतं. आमच्याकडे निदान कुणी ना कुणी ओळखतं. इथं मावशींना कोण ओळखणार होतं?

आधी बाग. मी बाकं बघत गेले. एका बाकावर लुगड्यासारखा रंग दिसला म्हणून धावले, तर ती कुणाची तरी शाल होती, आणि शालीतली म्हातारी माझ्याकडे बघून घाबरली. मी फोनमधला मावशींचा फोटो तिला दाखवला. तिनं मान हलवली आणि बरंच काही बोलली, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. पुढे एक बाई कुत्रा घेऊन, दोन मुली सायकलवर, एक झाडूवाला. सगळ्यांना फोटो दाखवला. सगळे थांबले, सगळ्यांनी नीट बघितलं, सगळ्यांनी मान हलवली.

मी मोठ्या चौकात आले. वर टेकडीवरच्या घड्याळाकडे नजर गेली. पाच वाजून गेले होते. म्हणजे आता अंधार पडणार, थंडी वाढणार, आणि मी इतका वेळ... तिथंच मी मटकन एका पायरीवर बसले. मग आठवलं की काटे उलटे आहेत. दीडसुद्धा वाजला नव्हता. मी उठले आणि हिशेब केला. दीड वाजत आला म्हणजे मावशी गोळी घेऊन कितीतरी वेळ उपाशी होत्या.

मैत्रिणीचा फोन आला. पोलिसांना तिनं फोटो पाठवला होता, त्यांनी दवाखान्यांत विचारतो म्हणून सांगितलं होतं. बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. "भावाचा फोन येतोय. सारखा येतोय. माय उचलत नाही म्हणून. काय सांगू त्याला?"

"मी बोलते," मी म्हटलं, आणि लगेच माझ्याच फोनवर तो आला. तिकडे दिवस मावळत आला असेल. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"ताई, माय कुठंय? दुपारपासून लावून राहिलो."

मला त्याच्याशी खोटं बोलता आलं नाही. घरातून न सांगता गेल्यात, आम्ही शोधतोय, असं सांगितलं. पलीकडे ट्रॅक्टर बंद झाला. मला वाटलं, आता हा ओरडेल. पण त्यानं विचारलं, "रुसली व्हती का?"

"हो. काल थोडं झालं होतं."

"मंग तुमी स्टँडवर बघा."

"कुठल्या स्टँडवर?"

"तिथलं जे काय स्टँड असंल ते. दादा गेल्यापासून तिचं असंच हाय, ताई. घरात कुणी काही बोललं की पिशवी घेती अन् एसटी स्टँडवर जाऊन बसती. परभणीची गाडी येती, वसमतची येती, ती कोणत्याच गाडीत बसत न्हाई. नुसती बसून राहती. मी न्हाईतर माझी बायको जाऊन आणतो. कधी चहा पाजून आणतो. तुमी घाबरू नका, बघा तिथं."

त्याचे दादा म्हणजे त्याचे वडील. मी फोन ठेवून मैत्रिणीला हे सांगितलं. मग ती म्हणाली, "हे मला कुणी सांगितलं नाही." आणि लगेच, घाईनं, "रेल्वे स्टेशन. आपण उतरलो ते. ती तिकडेच गेली असणार. पूल ओलांड आणि सरळ जा, वळू नकोस कुठं."

मी पूल ओलांडला. पुलावरून खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. नदी वेगानं चालली होती, काठाच्या दगडांवर आपटत. मी डोळे वर केले आणि चालत राहिले. त्या बाजूची वस्ती वेगळी, तुर्की बेकऱ्या, अफगाणी दुकानं, न्हाव्याचं दुकान, फोनचं दुकान. एका मसाल्याच्या दुकानात आम्ही तिघी आधी गेलो होतो, तिथल्या पंजाबी माणसाला हिंदी येत होतं. त्याला फोटो दाखवायची गरजच पडली नाही.

"अम्मा जी? नहीं, आज नहीं आईं." मग माझ्या तोंडाकडे बघून तो काउंटरबाहेर आला. "आप आगे जाइए. मैं दुकान के सामने खड़ा रहता हूँ. इधर से निकलीं तो पकड़ लूँगा."

तेवढं ऐकून मला रडू आलं. मी तशीच पुढे निघाले.

स्टेशन खूप मोठं होतं, छत उंच, माणसं बॅगा ओढत चाललेली. मी प्रत्येक बाक बघितलं. फलाटांखालच्या भुयारी रस्त्यात गेले, वर आले, पुन्हा गेले. बाहेर बसगाड्यांचा थांबा होता, तिथंही बघितलं. बायकांच्या संडासात जाऊन दारांखालून बूट बघितले. एका रेल्वेच्या माणसाला फोटो दाखवला, त्यानं वॉकीटॉकीवर कुणाला तरी विचारलं, आणि मान हलवली. मला त्या दिवशी ती मान हलवण्याची तऱ्हा पाठ झाली होती. आधी ओठ मिटायचे, मग मान.

मी बाहेर येऊन उभी राहिले. हातावरचा कोट आता जड वाटायला लागला. मावशी इथं आल्याच नव्हत्या. मी विचार करायला लागले, नीट, दुकानात चिठ्ठीवरचं अक्षर लागत नसलं की करते तसा. आम्ही या स्टेशनवर उतरलो तेव्हा मावशी अर्ध्या झोपेत होत्या, जावयानं आम्हाला गाडीत घालून नेलं होतं. त्यांना हे स्टेशन माहीतच नव्हतं. त्यांना माहीत होतं ते फक्त आम्ही पायी दाखवलेलं शहर. मग त्यात स्टँड कुठलं?

तेव्हा आठवलं. दोन-तीन दिवसांपूर्वी फिरून परत येताना आम्ही एका चौकातून गेलो होतो, जिथं शहरातल्या सगळ्या ट्राम एकत्र येतात. बसगाड्याही तिथंच लागतात. माणसं बाकांवर बसलेली, टपऱ्यांवर चहा-कॉफी, कुणी पळत ट्राम पकडतंय, कुणी उतरतंय. मावशी थांबल्या होत्या आणि मला म्हणाल्या होत्या, "हे इथलं स्टँड दिसतंय." मी "हो" म्हटलं होतं आणि पुढे गेले होते.

तो चौक नदीच्या अलीकडे होता, मैत्रिणीच्या घराच्या बाजूला. मी अगदी उलट्या दिशेला आले होते.

परत जाताना मी पळाले. चाळिशीची बाई, केस ओले, हातात लोकरी कोट. ट्राम दिसत होती, पण तिकीट कसं काढायचं, कुठली कुठं जाते, हे मला ठाऊक नव्हतं, आणि चुकीच्या ट्राममध्ये बसले असते तर मलाच शोधायला कुणीतरी लागलं असतं. मसाल्याच्या दुकानासमोर तो पंजाबी माणूस अजून उभा होता. त्यानं लांबूनच हात हलवून नाही म्हटलं. पूल, चौक, गर्दीचा लांब रस्ता. मी वर घड्याळाकडे बघितलं नाही.

मावशी मधल्या एका थांब्याच्या बाकावर बसल्या होत्या. अगदी कडेला, पिशवी दोन्ही हातांत धरून, जणू आता गाडी येणार आणि चढायचंय. शेजारी टपरीवाली बाई उभी होती, हातात कागदी पेल्यात काहीतरी घेऊन, आणि तो पेला मावशींच्या तोंडाशी नेत होती. मावशी तोंड फिरवत होत्या. त्या टपरीवर मांसाचे तुकडे तळत होते, वास सगळीकडे पसरला होता, आणि मावशी माळकरी. त्या बाईच्या हातचं काहीच घेणार नव्हत्या.

"मावशी!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण ओळख लागायला वेळ लागला. कपाळावर घाम, त्या थंडीत. ओठ पांढरे. म्हणाल्या, "अक्का, गाडी गेली का गं?" अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

मी पिशवीतली साखर तळहातावर ओतली आणि त्यांच्या तोंडात घातली. थोडी सांडली. टपरीवालीकडून पाणी मागितलं, ते खुणेनंच समजलं तिला. ती बाटली घेऊन आली. अजून साखर. मी त्यांचा जबडा हातानं धरून चावायला लावत होते आणि आमच्याच भाषेत बडबडत होते, "गिळा मावशी, गिळा, साखर हाय, गोड हाय."  टपरीवालीनं स्वतःच्या अंगावरचा जाड शर्ट काढून त्यांच्या पाठीवर टाकला, त्यावरून मी कोट घातला. मग आम्ही दोघी त्यांच्या दोन्ही बाजूंना बसून वाट बघत राहिलो. समोरून ट्राम येत होत्या, जात होत्या. प्रत्येक वेळी दारं उघडायची, माणसं आमच्याकडे बघायची, दारं बंद व्हायची.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मावशींनी एकदम मोठा श्वास घेतला आणि माझा हात ओळखीनं दाबला.

"तुझे केस वले हायेत," त्या म्हणाल्या. "पडसं व्हईल की."

मग मी रडले. टपरीवालीही डोळे पुसत होती, तिला काय कळलं देव जाणे. मी बिस्किटं काढून एकेक मावशींना दिली. त्या आता खात होत्या. मी मैत्रिणीला फोन लावून एवढंच म्हटलं, "सापडल्या. बऱ्या आहेत. ट्रामच्या चौकात." पुढचं बोलायच्या आत तिनं फोन ठेवला.

बिस्किटं खाताना मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "जायचंच ठरवलं होतं मी. तुमी आणलेल्या रस्त्यानं इथवर आले. म्हटलं, आली गाडी की बसावं. पण पाटी वाचता येईना. मंग बसून राहिले." थोडं थांबून, "लेकीला सांगू नको गं."

मैत्रीण आली ती चालतच आली. बाग ओलांडून, घरातल्या सपाता घालून, कोटाची बटणं पोटावर न लागलेली. मी तिला दुरून बघितलं आणि उठले, पण ती माझ्याजवळ न थांबता सरळ बाकापाशी गेली. मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. मैत्रिणीला धाप लागली होती.

"कुठं गेली होतीस तू?"

"कुठं न्हाई. इथंच."

"काहून अशी निघालीस, माय? न सांगता? मी मेले असते घरात."

"तू म्हणलीस, फक्त बस," मावशी म्हणाल्या. "घरात बसवना. इथं येऊन बसले."

 मला वाटलं, मैत्रीण आता पुन्हा पेटणार. पण मावशी खाली वाकल्या आणि त्यांनी तिच्या सपातांकडे बघितलं. पाय सुजून सपातांच्या कडांवर आले होते, बोटांना चिखल लागला होता.

"हे असलं घालून आलीस? ह्या थंडीत? बस इथं." त्यांनी बाकावर हात आपटला. मैत्रीण बसली. मावशींनी स्वतःचे बूट काढायला घेतले, मी त्यांना अडवलं, त्यांनी ऐकलं नाही. मग एक मोजा तरी काढून दिलाच. मैत्रिणीनं तो मुकाट्यानं घातला. कुणी कुणाची माफी मागितली नाही. टपरीवालीनं तिघींसाठी गरम पाणी आणलं, नुसतं पाणी, आणि मावशींना ते दाखवून, बघा, यात काही नाही, असं खुणेनं सांगितलं. मावशींनी ते घेतलं.

टॅक्सीनं आम्ही घरी आलो. मी मावशींना जेवायला घातलं, शुगर तपासली, झोपवलं. त्यांना झोप लागल्यावर मैत्रीण स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली. परातीतलं पीठ तसंच होतं. तिनं ते डब्यात परत भरलं, काळजीपूर्वक, एक कणही सांडू न देता.

"दादा गेल्यापासून म्हणाला ना तो? चार वर्षं झाली," ती म्हणाली. "मी दर रविवारी फोन करते. दर रविवारी ती म्हणते, सगळं बराबर हाय. आणि हे असं."

मी रिकामी परात धुवायला घेतली.

"सांगितलं असतं तरी मी काय केलं असतं?" हे तिनं मला विचारलं की स्वतःला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतरचे दिवस सोपे गेले, असं मी म्हणणार नाही. दाराला आतून कुलूप लावायचं का, यावरून मायलेकींचं वाजलं. चावी आपल्याजवळ पाहिजे, असं मावशी म्हणाल्या, आणि मैत्रिणीनं शेवटी दिली. पण ती द्यायच्या आधी आमच्या चालण्याची पद्धत बदलली. आता मावशी पुढे चालायच्या आणि आम्ही मागे. रस्ता त्या सांगायच्या: इकडं वळा, त्या लाल दुकानापाशी, आता सरळ. चुकल्या की मैत्रीण सांगायची नाही, थांबून राहायची, आणि मावशी स्वतःच परत वळायच्या. एका दुपारी त्या आम्हाला नदीपलीकडच्या त्या मसाल्याच्या दुकानापर्यंत घेऊन गेल्या. पंजाबी माणूस बाहेर येऊन हात जोडून म्हणाला, "अम्मा जी, डरा दिया आपने." मावशी त्याला हिंगोलीच्या हिंदीत म्हणाल्या, "क्या करना बाबा, तकलीफ होती है कभी कभी."

मी परतले त्यानंतर आठवड्याभरात मैत्रिणीला मुलगी झाली. मावशी सहा महिने राहिल्या; व्हिसा संपायच्या आधी जावयानं त्यांना स्वतः हैदराबादपर्यंत आणून सोडलं. मैत्रीण सांगते की मावशी पोरीला बाबागाडीत घालून रोज बागेत न्यायच्या, एकट्या. आणि त्या परत येईपर्यंत ती खिडकीत उभी राहायची. एकदा मावशींना उशीर झाला तर तिनं बाळाचं अंगडं हातात घट्ट धरून जिना उतरायला सुरुवात केली होती. खालच्या मजल्यावर दोघी समोरासमोर आल्या. मावशी म्हणाल्या, "काय झालं? पोरगं झोपलंय, आवाज नको करू."

मागच्या महिन्यात मावशी त्यांच्या गोळ्या घ्यायला मुलाबरोबर सेनगावला आल्या होत्या. फोनवर नातीचे व्हिडिओ दाखवले. चालायला लागली आहे, पडते, उठते. मैत्रीण दिवाळीला येणार म्हणते, पण तिकीट अजून काढलेलं नाही. मावशी मला म्हणाल्या, "येईल ती. न्हाई आली तर मी जाईन." त्यांच्या मुलानं माझ्याकडे बघितलं. मी गोळ्यांची पट्टी पाकिटात घातली आणि मावशींना खुर्ची ओढून दिली.